पाठ नसलेली दश्शी

मीटरगेज उखडून काढलं त्या वर्षी
लोंढ्याला गाडीच नव्हती.
सिग्नलचा हात लुळा पडलेला,
फलाटाच्या फटींतून घाणेरी वर आलेली,
आणि आम्ही चौघे वजनकाट्याशेजारी पोतं अंथरून
मेंढीकोट खेळत होतो.
पगारी.

म्हणजे विरुपाक्षी पॉइंट्समन, मी पार्सलचा कारकून,
कायतान गार्ड, त्याला झेंडी दाखवायला काही उरलं नव्हतं.
बमू झोरे तेवढा बिनपगारी.
जंगलातल्या वाडीवरून दूध घेऊन यायचा
आणि ते नासेपर्यंत बसायचा.

भांडण लागलं कायतानमुळं.
दश्शी उचलताना तो म्हणाला, "मानिल्य.
माझा आजोबा हिला मानिल्य म्हणायचा.
खेळ गलबतातनं आला, मुरगावला उतरला
आणि घाट चढता चढता
तुमच्या तोंडात त्याची मेंढी झाली."

विरुपाक्षीनं हातातली पानं मिटली.
"मेंढी नव्हं. मंदी.
हत्तु मंदी, म्हणजे दहा माणसं.
घाट चढून कोण कशाला येतंय?
बैलहोंगलला आमच्या देवळामागं
कवापासून चालूलंय हे."

मी म्हणालो, मेंढी म्हणजे मेंढी, कोट म्हणजे कोट,
यात शोधायचं काय आहे?
आणि साक्षीला बमूकडं बोट केलं:
विचारा या धनगराला.

बमूनं कानावरची विडी काढली, पेटवली नाही.
"आमच्याकडं म्हशी," तो म्हणाला.
"मेंढरं कुरबांची.
मोजताना दहा झाली की ते एक खडा बाजूला टाकतात.
पुढं त्या खड्याचं काय होतं, मला ठाऊक नाही.
उतारी कुणाची?"

तेवढ्यात खानापूरचा दस्तगीर चहा घेऊन आला,
ग्लास मांडता मांडता म्हणाला,
"हुकूम आमचा. तो सोडून खेळून दाखवा.
बदामही आमचाच.
चहाचे पैसे तेवढे तुमचे."

कॅटमधली किल्वरची दश्शी
श्रावणात एका माकडानं पळवली होती.
टाकीवर बसून त्यानं ती चघळली,
आवडली नसावी, पण परत दिली नाही.
तिच्या जागी मी ड्रॉवरमधलं जुनं तिकीट घेतलं,
लोंढा ते कुळें, पुठ्ठ्याचं, भोक पडलेलं,
आणि त्यावर लिहिलं: दहा.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूला
निळ्या शाईत कानडीतून हत्तु.
कुणी लिहिलं, मी विचारलं नाही.
अक्षर माझ्यापेक्षा गोल होतं.

झालं इतकंच, की त्या पानाला पाठ उरली नाही.
कुणाच्याही हातात असो, बाकी तिघांना दिसायचं,
इतर पानांपेक्षा बुटकं,
भोकातून पलीकडचा अंगठा दाखवणारं.
आम्ही त्या बाजूला बघायचोच नाही.
असा नियम कुणी केला नव्हता.
निदान त्या नियमावर
कायताननं गलबत आणलं नाही.

एकदा बंद हुकूम लावायची पाळी बमूची.
त्यानं बराच वेळ पानं न्याहाळली
आणि नेमकं तेच तिकीट
पोत्यावर उपडं ठेवलं.
उपडं म्हणजे काय, ते दोन्हीकडून उताणंच.

लांब तिनईघाटाकडं खडीचं इंजिन कण्हत होतं.
चार हात झाले. पाचव्याला कायतानकडं चौकट संपली.
"खेळूलास काय झोपूलास?" विरुपाक्षी ओरडला.
कायतान पोत्याकडं बघत राहिला,
निळ्या शाईतल्या गोल अक्षरांकडं,
आणि अगदी गंभीरपणे म्हणाला,
"हुकूम काय आहे? उघडा."

बमूनं तिकीट उलटलं.
हत्तुचं दहा झालं.
"किल्वर," तो म्हणाला.

आणि आम्ही तिघंही, देवाशपथ,
एकदमच म्हणालो, "अरे!"